सरवा, खळे आणि रूथ: बायबलमधल्या कथा आपल्या मातीत कशा रुजतात?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातली असून गेली 22 वर्षे मराठी शिकवते. यंदा लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रातला उतारा शिकवण्याची तयारी करताना मनाला एक गोष्ट लागली. ज्या घराबद्दल आपण मुलांना इतक्या आपुलकीने सांगतो, त्या घरात ज्या ग्रंथाचा रोज आधार घेतला जात होता, तो ग्रंथ मी स्वतः कधीच नीट वाचलेला नव्हता. म्हणून मराठी बायबल मागवले आणि कोणी सुचवले म्हणून रूथ या चार अध्यायांच्या छोट्या पुस्तकापासून सुरुवात केली.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह परमुलखात, मवाबात, जगायला जाते. तिथे आधी नवरा आणि पुढे लग्न झालेले दोन्ही मुलगे वारतात. नामी गावी परत निघते तेव्हा सुनांना म्हणते की तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक सून रडत रडत परत फिरते. दुसरी, म्हणजे रूथ, सासूला सोडायला तयार होत नाही. तुमचे लोक तेच माझे लोक आणि तुमचा देव तोच माझा देव, असे सांगून ती सोबत येते. दोघी विधवा बेथलेहेमात पोचतात तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. घरात दाणा नसतो. रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा, म्हणजे शेतात पडून राहिलेली कणसे, वेचायला जाते.

सरवा हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवले, कारण तो माझ्या आईचा शब्द आहे. भुईमूग उपटून झाला, शेंगा तोडून झाल्या आणि मालकाचा माल घरी गेला, की आई आणि शेजारच्या दोघीतिघी त्या रिकाम्या वावरात सरव्याला जात. हातात खुरपे, कमरेला खोचलेल्या पदराची खोळ. उकिडव्या बसून त्या मातीत बोटे घालत, ढेकूळ हातानेच फोडत आणि तुटून राहिलेली एकेक शेंग खोळीत टाकत. संध्याकाळी आईच्या नखांत काळी माती इतकी घट्ट बसलेली असे की भाकरी थापण्याआधी ती काडीने नखे कोरून काढायची. सरव्याच्या शेंगांचे तेल वर्षाला पुरत नसे, पण दिवाळीपुरते निघत असे. तो शब्द पुस्तकात, आणि तोही एका धर्मग्रंथात, मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पुढे वाचले तेव्हा कळले की यहुदी लोकांत सरवा ही कोणाची मेहेरबानी नव्हती, तो हक्क होता. लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेतकऱ्याला स्पष्ट आज्ञा आहे की शेताचे कोपरे कापू नकोस आणि पडलेली कणसे उचलू नकोस. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेव. रूथच्या कथेतला शेतमालक बवाज एक पाऊल पुढे जातो. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या, म्हणजे तिला ती वेचताना संकोच वाटणार नाही.

माझा प्रश्न हा आहे की दूरच्या देशातली एखादी कथा आपल्याला परकी वाटते आणि दुसरी एखादी शेजारच्या वावरात घडल्यासारखी वाटते, हे कशामुळे होते? माझे मत असे झाले आहे की कथा भाषेत शिरते ती कामाच्या शब्दाच्या वाटेने. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी पेरणी, मोट, खळे आणि चुलीवरचा तवा यांच्यातूनच त्यांनी देवाबद्दल आणि संसाराबद्दल बोलून ठेवले आणि म्हणूनच ते टिकले. पण मग श्रद्धेचे काम काय? कथा टिकण्यासाठी तिच्यावर विश्वास असावा लागतो का, की चांगली कथा एकटीच तरून जाते? आपले अनुभव मनमोकळेपणाने लिहावेत.

दादरची भाकरी

ताई, धागा आवडला. मी यावल तालुक्यातला शेतकरी, ग्रंथांचा अभ्यासक नाही. तुमचे वाचून रात्रीच रूथ पूर्ण वाचली. मला तिसऱ्या अध्यायातले खळे सर्वांत खरे वाटले. बवाज रात्री सातू उपणतो, जेवतो आणि राशीच्या टोकाला तिथेच झोपतो. शहरी वाचकाला प्रश्न पडेल की एवढा तालेवार माणूस उघड्यावर का झोपला? आमच्याकडे हा प्रश्न कोणालाही पडणार नाही. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, रास खळ्यात पडलेली असताना माझे वडील कधी घरात झोपले नाहीत. उपणायला वारा रात्रीचा आणि पहाटेचा बरा मिळतो आणि राखणही होते. लिहिणाऱ्याने खळे पाहिलेले आहे, हे त्या एका ओळीवरून कळते.

मात्र तुमच्या मताला मला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. कामाचा शब्द सारखा असला तरी काम सारखे नसेल तर कथा अडते. पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडले ते पाखरांनी खाल्ले, काही खडकाळीवर पडले, काही काटेरी झुडपांत पडले आणि काही चांगल्या जमिनीत पडून त्याचे तीसपट, साठपट, शंभरपट पीक आले. हा दृष्टांत मी तरुणपणी आमच्या गड्याला वाचून दाखवला होता. तो तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, अख्खी हयात घालवलेला माणूस. त्याने गंभीरपणे विचारले, की ज्याला चाड्यावरची मूठ सांभाळता येत नाही अशा माणसाच्या हाती बियाणे दिले कोणी? तिफणीने पेरणाऱ्याचे बी वाटेवर पडत नाही. त्या देशात बी हाताने फोकत, म्हणजे विखरून टाकत, असत, हे मला पुढे कळले. आपल्याकडे मेथी-कोथिंबीर फोकतात, त्या पद्धतीने गहू-सातू फोकायचा म्हटले की चार मुठी वाटेवर आणि बांधावरच्या काट्यांत जाणारच. ही एक गोष्ट सांगितल्यावर गड्याला दृष्टांत लगेच उमगला, आणि मग तो म्हणाला की आमच्या चार भावांतला मी काट्यांतला आहे. कर्जाबद्दल बोलत होता तो.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातही असेच होते. उपाशी मुलाला डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटल्या, असे तिथे म्हटले आहे. आपण शेंगा म्हटले की भुईमुगाच्या शेंगा समजतो आणि मनात म्हणतो की मग एवढे वाईट काय झाले? त्या तिकडच्या एका झाडाच्या शेंगा, गरिबाने नाइलाजाने खायच्या. शब्द ओळखीचा असूनही चित्र चुकते, हे ध्यानात ठेवायला हवे.

पांझरा

गिरणाकाठ ताई आणि यावलचे जिभाऊ, दोघांचेही लेखन मनापासून वाचले. मी धुळ्याचा, निवृत्त ग्रंथपाल. ही कथा मराठीत आली कशी, याचा इतिहास थोडा मांडतो, कारण त्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील.

बायबलमधली कथा मराठीत मोठ्या ताकदीने प्रथम सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळपास 11000 ओव्या आहेत. लक्षात घेण्याची गोष्ट ही की त्याने आपल्या देशातले छंद आणले नाहीत. त्याने ओवी घेतली, पुराणाची रचना घेतली, आणि मराठी भाषेची जी स्तुती केली ती आजही आपण शाळेत पाठ करतो. नवख्रिस्ती माणसाची पुराण ऐकण्याची सवय मोडण्याऐवजी त्याने त्या सवयीलाच नवी कथा दिली.

परंतु दुसरी बाजूही सांगणे मी कर्तव्य समजतो. गोव्यातल्या ज्या साष्टीत हे पुराण लिहिले गेले, तिथली देवळे 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि 1684 मध्ये त्याच सत्तेने तिथल्या लोकांच्या भाषेच्या वापरावरही बंदीचे फर्मान काढले. कथा प्रेमाने सांगितली गेली आणि सत्ता जुलमी होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ओव्यांचे सौंदर्य पाहताना पाडलेली देवळे विसरू नयेत आणि देवळांचे दुःख मांडताना ओव्या खोट्या ठरवू नयेत, असे मला वाटते.

पुढचा टप्पा गद्याचा. श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या, छापखान्यातून 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनने 1826 मध्ये नवा करार छापला. बनियनची इंग्रजी रूपककथा 1841 मध्ये हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणली आणि 1857 मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले, ज्याला अनेक जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवांच्या हालांची ती कथा लिहिणारा माणूस नुकताच ख्रिस्ती झालेला होता. आयुष्याच्या अखेरच्या काळात पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत उतरवले. कष्टकरी बाईला कळेल अशी मराठी असावी हा त्यांचा हट्ट होता. ताईंना भेटलेला सरव्यासारखा शब्द जिथे कुठे मराठी बायबलमध्ये सापडतो, तिथे कोणा ना कोणा अनुवादकाने शेतातल्या बाईचे बोलणे कान देऊन ऐकलेले असते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या पूर्वजांची चरित्रे मराठी कीर्तनात उभे राहून सांगितली. अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने, टाळ-मृदंगाच्या साथीने. म्हणजे ही कथा आपल्याकडे केवळ मिशनऱ्यांच्या हातून आली, हा समज बरोबर नाही.

सातपुड्याचा पायथा

जय ख्रिस्त. मी नवापूर तालुक्यातला आहे, आमच्या घरात ही तिसरी ख्रिस्ती पिढी. सगळ्यांनी फार आदराने लिहिले आहे, त्याबद्दल आभार. तरीही एक बोच मांडतो, गैरसमज करून घेऊ नये.

आपण सारे रूथची "कथा" म्हणत आहात. आमच्या घरात ती कथा म्हणून वाचली गेली नाही. माझा आजा वारला तेव्हा आजीचे वय लहान होते. नातेवाइकांनी आईला, म्हणजे आजीच्या सुनेला, पुढे परत माहेरी नेण्याचे ठरवले होते, कारण माझे वडील कामासाठी गेले ते चार वर्षे परतलेच नव्हते. आईने रूथचे वचन म्हणून दाखवले आणि ती गेली नाही. साहित्याचा वाचक ते वचन वाचून म्हणेल की किती सुंदर. आईने ते वाचले आणि तिचे आयुष्य त्याप्रमाणे झाले. हा फरक फार मोठा आहे. ताईंनी विचारले आहे की श्रद्धेचे काम काय. माझ्या समजुतीप्रमाणे कथा ऐकणाऱ्याला तिच्या आत उभे करणे, हे श्रद्धेचे काम.

आमच्या भागात रविवारी गाणी मराठीत होतात तशी मावची या आमच्या बोलीतही होतात. म्हातारी माणसे मराठी स्तोत्राला मान हलवतात, पण मावचीतले गाणे लागले की डोळे मिटून घेतात. ताईंचा कामाच्या शब्दाचा मुद्दा मला इथे पटतो.

दुसरी गोष्ट. आमच्याच नात्यातली निम्मी माणसे याहा मोगीला मानतात आणि ती धान्याची, दुष्काळात जगवणारी आई आहे. माझी आत्या तिच्या यात्रेला जाते. योसेफाने मिसरात, म्हणजे इजिप्तात, सात वर्षांच्या सुकाळाचे धान्य साठवून सात वर्षांच्या दुष्काळात लोकांना जगवले, हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, हा आमच्या आईसारखाच दिसतो. मी तिच्याशी वाद घातला नाही. माझा विश्वास माझ्याजवळ आहे. पण भुकेची आठवण ज्या लोकांना आहे, त्यांना दाणे साठवणारा देवमाणूस ओळखायला उपदेशक लागत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

आणि पांझरा दादांनी सत्तेबद्दल लिहिले म्हणून सांगतो. रूथचे पुस्तक स्वतःच एका नियमाशी भांडते. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असे म्हटले आहे. रूथच्या कथेत मात्र तिला पुन्हा पुन्हा "मवाबी रूथ" असेच म्हटले आहे, जणू कोणी विसरू नये म्हणून, आणि शेवटी तीच दावीद राजाची पणजी ठरते. मत्तयाने येशूच्या वंशावळीतही तिचे नाव घेतले आहे. नियम म्हणतो परकी बाई नको, आणि कथा म्हणते याच बाईमुळे घर उभे राहिले. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत आणि आम्ही दोन्ही वाचतो.

गिरणाकाठ

दादा, आपल्या आईबद्दल वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसले. आपली बोच रास्त आहे. "कथा" हा शब्द मी वर्गातल्या सवयीने वापरला. मवाबी या विशेषणाचे आपण जे दाखवले, ते माझ्या ध्यानात अजिबात आले नव्हते. आता पुन्हा वाचताना ते प्रत्येक ठिकाणी दिसते. माझे मत मी दुरुस्त करते: कामाच्या शब्दाने कथा उंबरठ्यापर्यंत येते, घरात तिला घेणारा विश्वास वेगळा असतो.

तापी-पूर्णा

एक लहान भर. आपण सगळे "दृष्टांत" हा शब्द सहज वापरत आहोत. येशूच्या बोधकथांना मराठीत हा शब्द मिळाला, पण तो त्याआधी कित्येक शतके आपल्याकडे होता. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. खानदेशात महानुभाव घरे पुष्कळ आहेत. माझे घर त्यातलेच. लहानपणी आजोबांकडून दृष्टांत ऐकले होते, त्यामुळे शाळेत हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत ऐकला तेव्हा ऐकायचे कसे हे मला आधीच माहीत होते: गोष्ट ऐकायची, आणि मग "यातला मी कोण" हे विचारायचे. जिभाऊंच्या गड्याने काट्यांतले बी स्वतःला म्हटले, ते याच शिस्तीने. एका पंथाने तयार केलेला कान दुसऱ्या पंथाच्या कथेला उपयोगी पडतो.

मेहरूण

जळगावकर म्हणून बालकवींचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. धरणगावात 1890 मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली. पुढे काही काळ हा मुलगा अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. लक्ष्मीबाईंनी आधी विरह आणि संताप सोसून, पुढे स्वतःच्या विचाराने, 1900 मध्ये घेतला. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घराने त्यांना दूर केले नाही.

टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. म्हणूनच त्यांची ख्रिस्तावरची रचना अभंगात आहे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून 1919 मध्ये अपुरे राहिले आणि ते पूर्ण केले कोणी, तर लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. मला या गोष्टीत साहित्य आणि श्रद्धा यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते. अभ्यास कमी असलेल्या बाईला महाकाव्य पुढे नेण्याचे धैर्य कोठून आले असेल, याचा विचार केला तर श्रद्धा आणि नवऱ्यावरची माया या दोन्हींखेरीज मला तिसरे उत्तर सापडत नाही.

ज्या बालकवींच्या कवितेत आपण केवळ निसर्ग शोधतो, त्यांनी कोवळ्या वयात प्रार्थनेच्या घरातले दिवस पाहिले होते. त्याचा त्यांच्या कवितेवर किती परिणाम झाला याचे माप मी काढू इच्छित नाही. ओळी ओढूनताणून बायबलशी जोडण्याचा प्रकार मला पसंत नाही. 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. भादलीवरून गाडी जाते तेव्हा अजूनही माझी नजर रुळांकडे जाते.

पांझरा

मेहरूण ताई, फार चांगले लिहिलेत. माझ्या गावचा एक संदर्भ जोडून थांबतो. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ऐकणारे राजबंदी होते, त्यांत शेतकरी आणि कामगारही होते. विनोबांची भाषाही अशीच शेत-मजुरी आणि घर-संसार यांच्या उदाहरणांची आहे. पुढे याच विनोबांनी नव्या करारातली वचने निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केले. एखादा माणूस दुसऱ्याचा ग्रंथ इतक्या काळजीने वाचून त्यातले सार काढतो, आणि स्वतःची श्रद्धा तसूभरही सोडत नाही, हे आपल्याकडे घडलेले आहे. नवापूरच्या दादांनी आत्याशी वाद घातला नाही, ते वाचताना मला विनोबांचीच आठवण झाली.

गिरणाकाठ

दोन दिवस गावी होते म्हणून उशिरा लिहिते. आईला रूथ पूर्ण वाचून दाखवली. ती 78 वर्षांची आहे, वाचता येत नाही. पाट्यावर चटणी वाटत होती. वाटता वाटता ऐकत होती. सरव्याचा भाग आला तेव्हा तिने मान हलवली आणि सांगितले की आमच्या गावातही एक शेतकरी असा होता, तो शेंगा उपटताना बांधाकडच्या दोन ओळी तशाच सोडायचा आणि कोणी विचारले तर म्हणायचा की राहून गेल्या. नाव ती घेत नाही, कारण त्याच्या घरच्यांना ते आवडत नव्हते.

रूथचे बवाजाशी लग्न झाले तिथे मला वाटले की कथा संपली, म्हणून मी थांबले. आई पाटा थांबवून म्हणाली, "मंग त्या सासूनं काय व्हयनं?"

मी पुढे वाचले. रूथला मुलगा होतो. शेजारणी येऊन नामीला म्हणतात की तुझ्यावर माया करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. नामी ते बाळ उराशी धरते, ती त्याची दाई होते, आणि शेजारणीच त्याचे नाव ठेवतात: ओबेद. आईने ते सात मुलांचे वाक्य मला पुन्हा वाचायला लावले. मग तिने हात धुतले, आतल्या खोलीत माझी वहिनी कपडे घड्या करत होती तिला हाक मारून बाहेर बोलावले, शेजारी बसवले, आणि मला म्हणाली की आता पहिल्यापासून वाच.